परिचारिकांसाठी जर्मनी : ‘तीन वर्षे’ नेमकी कधीपासून मोजायची?

वणी म्हटले की कोळसा आणि नोकरी म्हटले की वेकोलि, हे समीकरण या भागात वर्षानुवर्षे चालत आले. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलामुलींसमोर आता आणखी एक वाट आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. उद्दिष्ट १० हजारांचे असून त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. ‘तीन वर्षांत तिथे कायम राहण्याचा परवाना मिळतो’ हे ऐकून अनेकांचे डोळे चमकतात. ते खोटे नाही. पण ही तीन वर्षे कुठून मोजायची, हे कळले नाही तर घरचा सगळा हिशेब चुकतो.

नियम काय सांगतो?

जर्मनीत वृद्धांची संख्या वाढते आहे आणि त्यांची शुश्रूषा करणारे हात कमी पडत आहेत. म्हणून तिथे कुशल कामगारांसाठी कायम वास्तव्याची अट चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली गेली. त्यासोबत ३६ महिन्यांची पेन्शन वर्गणी आणि जर्मन भाषेची बी-१ पातळी लागते. ब्लू कार्डधारक डॉक्टरांना २७ महिन्यांत, तर बी-१ पातळी असल्यास २१ महिन्यांतच हा परवाना मिळू शकतो.

मेख कुठे आहे?

परिचारिकेचा व्यवसाय तिथे कायद्याने नियंत्रित आहे. आपल्या पदवीला तिथल्या यंत्रणेने मान्यता दिल्याशिवाय ‘परिचारिका’ म्हणून काम करता येत नाही. दोन्हीकडच्या प्रशिक्षणात फरक आहे. आपल्याकडे रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे हे बहुधा नातेवाईक करतात. तिथे तो परिचारिकेच्याच कामाचा भाग आहे. त्यामुळे अभ्यासक्रमातली तफावत परीक्षा देऊन किंवा रुग्णालयातले पूरक प्रशिक्षण घेऊन भरून काढावी लागते. भाषाही सहसा बी-२ पातळीची लागते. रुग्णाची तक्रार नीट न समजता दिलेले औषध जिवावर बेतू शकते, हे लक्षात घेतले तर ही अट जाचक वाटत नाही.

मान्यता मिळेपर्यंत अनेकजणी कमी पगारावर सहाय्यक म्हणून काम करतात. या काळाचा परवाना वेगळा असतो आणि तो त्या तीन वर्षांत धरला जात नाही. पगारातून कापलेली पेन्शन वर्गणी मात्र मोजली जाते. म्हणजे इथे भाषा शिकण्याचे वर्ष-दीड वर्ष, मान्यतेचा काळ आणि नंतरची तीन वर्षे असा एकूण पल्ला पाच वर्षांच्या आसपास जातो. बारावीनंतर तिथेच तीन वर्षांचे पगारी प्रशिक्षण घेतले तर पुढे दोन वर्षांच्या नोकरीनंतर अर्ज करता येतो. एकूण वेळ जवळपास तेवढाच.

हाती आलेला परवानाही जपावा लागतो. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ जर्मनीबाहेर राहिल्यास तो सहसा रद्द होतो. गावी आई-वडिलांच्या आजारपणासाठी यावे लागणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात ठेवावे.

इतर देशांचे चित्रही पाहावे. अमेरिकेत देशनिहाय कोट्यामुळे भारतीयांची ग्रीन कार्डची रांग लांबच लांब आहे. ब्रिटनने पाच वर्षांची मुदत दहावर नेण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये मांडला. कॅनडा २०२३ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र निवड फेऱ्या घेतो. नियम बदलत राहतात. त्यामुळे एजंटाच्या तोंडी आश्वासनावर शेत गहाण ठेवू नये.

जाण्यापूर्वी तपासा

• एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का? त्याला सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढेच घेता येते.
• करारपत्रात मान्यतेपूर्वीचा आणि नंतरचा पगार वेगवेगळा लिहिला आहे का?
• नोकरी मध्येच सोडल्यास दंड भरावा लागेल, असे कलम आहे का?
• महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी व गुणपत्रके तयार आहेत का?

प्रश्न गावाचाही आहे. वणी, मारेगाव, झरी जामणीच्या रुग्णालयांतही प्रशिक्षित हात हवेच आहेत. गरीब देशांची आरोग्यसेवा अशा स्थलांतराने खिळखिळी होऊ नये, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आचारसंहिता केली. जाणाऱ्या मुलींना अडवणे हा त्यावरचा उपाय नाही. इथल्या परिचारिकेला वेळेवर पगार, कायम नेमणूक आणि रात्रपाळीत सुरक्षितता मिळाली, तर जाणे ही तिची निवड ठरेल, नाइलाज नव्हे.