प्रार्थनामंदिरातील ध्वनिमुद्रिका

'गॉस्पेल' या शब्दाचा अर्थ शुभवर्तमान. परंतु अमेरिकेतील ज्या गायनप्रकारास हे नाव आहे, त्याचे स्वरूप केवळ शब्दार्थावरून उमगत नाही. तेथील कृष्णवर्णीय ख्रिस्ती समाजाच्या उपासनेतून तो वाढला. १९३० नंतर शिकागो येथे टॉमस डॉर्सी याने त्यास वळण दिले. हा डॉर्सी पूर्वी मा रेनी या गायिकेची साथ करणारा 'ब्लूज'वादक होता. बाजारातील सूर देवघरात यावयाचे, ही गोष्ट तेव्हापासूनचीच.

या प्रकारातील एक कीर्तिमान ध्वनिमुद्रिका म्हणजे अरीथा फ्रँकलिन हिची 'अमेझिंग ग्रेस'. १३ व १४ जानेवारी १९७२ रोजी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातील न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये, जमलेल्या मंडळीसमोर, ती मुद्रित झाली. पियानोवर रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड, पाठीशी सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर. अरीथा त्या वेळी लौकिक गीतांची विख्यात गायिका होती. ध्वनिमुद्रणगृहे तिला सहज उपलब्ध होती. मग मंदिरच का?

उत्तर आपल्या कीर्तनात सापडते. बोरगाव-निपाणीकडील भजनात बुवांनी चरण म्हणावा व टाळकऱ्यांनी तो उचलावा, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. उचलणारे नसले तर बुवांचा आवाज कितीही गोड असो, भजन उभे राहत नाही. तीच गोष्ट येथे. शीर्षकगीताचे शब्द जॉन न्यूटन या इंग्रज धर्मोपदेशकाचे. एके काळी गुलामांच्या जहाजावरील कप्तान असलेला हा मनुष्य! ते गीत १७७९ साली छापले गेले. अरीथा त्यातील मोजकीच कडवी घेते आणि सुमारे अकरा मिनिटे गाते. एकेका अक्षरावर ती थांबते, वळते, सभेतून हुंकार येतो, आणि त्या हुंकाराच्या आधाराने पुढची तान निघते. श्रोत्यांचा तो आवाज गाळला असता, तर राहिले असते ते या गीताचे अर्धे अंग. दुसऱ्या एका ठिकाणी तिने डॉर्सीचे प्रार्थनागीत व कॅरोल किंगचे मैत्रीविषयीचे लौकिक गीत एकत्र गुंफले आहे. नाटकातील चालीवर अभंग म्हणणारे कीर्तनकार ज्यांनी ऐकले, त्यांस यात नवल वाटू नये.

आपल्या अभ्यासास येथे एक प्रश्न भिडतो. ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर अभंग, पद व कीर्तन यांची योजना उपासनेसाठी केली. त्यांची पदे 'उपासना-संगीता'तून मंडळ्या आजही गातात. आपण वर्गात मात्र ती निव्वळ छापील कविता म्हणून तोलतो आणि कित्येकदा पुनरुक्तीचा दोष देतो. वस्तुतः जेथे ओळ परत येते, तेथे कवीने मंडळीच्या आवाजासाठी जागा सोडलेली असते. गाणारी मंडळी ऐकल्यावाचून त्या जागेचे मोल ठरविणे हे अर्धवट परीक्षण होय. निदान सीमाभागातील अशा गायनाचे मंदिरातच ध्वनिमुद्रण करून घेणे अकादमीस अशक्य नाही.

वॉट्स येथे सिडनी पोलाक याने चित्रणही केले होते. परंतु प्रत्येक चित्रणारंभी पाटी दाखविली न गेल्यामुळे चित्र व ध्वनी जुळेनात. कित्येक वर्षांनी संगणकाच्या साहाय्याने ते जुळले. पुढे गायिकेनेच प्रदर्शनास न्यायालयात हरकत घेतली. अखेर २०१८ साली, तिच्या निधनानंतर, चित्रपट प्रकाशात आला. त्यात शीर्षकगीत चालू असता क्लीव्हलंड पियानोवरून उठून बाजूस बसलेला आणि रडत असलेला दिसतो.