डाग मोजा, डाग!

मे महिन्यात आमच्या आटगावच्या फलाटावर करवंदांच्या पाट्या घेऊन बायका मुंबईकडच्या लोकलची वाट पाहत असतात. गाडी थांबते ती घटकाभरसुद्धा नाही. एक आधी चढते, दुसरी खालून पाट्या देते, आणि शेवटची पाटी आत गेल्याशिवाय खालची जागची हलत नाही. मग दोघी मोठ्याने सामानाचे डाग मोजतात. इतकी वर्षे मी हे पाहत आले; पण विमानतळावर त्यातले काही म्हणता काही आठवले नाही!

लेकीकडे बंगळूरला नातीचे बारसे होते. आमचा दोघांचा पहिलाच विमानप्रवास. सासूबाईंच्या दोन पाटल्या लेकीला द्यायच्या म्हणून रुमालात बांधल्या आणि ती पुरचुंडी ह्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली. "खिशाइतकी सुरक्षित जागा नाही," हे म्हणाले.

डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान पळवून कंदाहारला नेले, त्यानंतर २००० सालापासून आपल्या विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे येत गेली. तपासणी कडक असते, असावीच. जवानाने खिसे रिकामे करायला सांगितले. घड्याळ, पट्टा, मोबाईल, किल्ल्या आणि पुरचुंडी, सारे ट्रेमध्ये माझ्या पर्सशेजारी गेले. ह्यांना पुरुषांच्या रांगेत पाठवले, मला बायकांच्या. पडद्याआड महिला जवानाने माझ्या बांगड्यांवरून, मंगळसूत्रावरून यंत्र फिरवले. काढायला काही सांगितले नाही. म्हणजे पाटल्या हातात घातल्या असत्या, तर पुढचे रामायण टळले असते.

बाहेर आले तो हे पट्टा अडकवीत उभे. मी पर्स उचलली. पुरचुंडी ह्यांनी घेतली असेल असे मला वाटले, मी घेतली असेल असे ह्यांना. विमानाच्या दारापाशी बसून डबा सोडला, तेव्हा ह्यांचा हात खिशाकडे गेला आणि चेहरा पांढराफटक पडला. लग्नाला अडतीस वर्षे झाली, पण आम्ही एकमेकांना एक शब्द बोललो नाही. नुसते धावत सुटलो.

पुरचुंडी ट्रेच्या कोपऱ्यात राहिली होती. ट्रे रचताना ती कुणाच्या तरी हाताला लागली, म्हणून मिळाली. आत काय, रुमालाचा रंग कोणता, सारे विचारून, वहीत सही घेऊन जवानाने ती हातावर ठेवली. माझ्या तोंडून आभाराचा शब्दही फुटेना.

पूर्वी हातातल्या पिशवीच्या चिठ्ठीवर तपासणीचा शिक्का घ्यावा लागे. मुंबईसह काही मोठ्या विमानतळांवर २०१७ साली तो बंद झाला. सोय झाली खरी. पण शिक्क्याच्या निमित्ताने माणूस आपल्या पिशव्यांकडे एकदा तरी पाही!

परतताना मी करवंदवाल्यांची रीत धरली. घड्याळ, किल्ल्या, पट्टा, सारे रांगेत शिरण्यापूर्वीच पिशवीत घालून चेन लावली. हे पुढे जाऊन पलीकडे उभे राहिले. मी शेवटचा ट्रे यंत्रात शिरेपर्यंत हलले नाही. मग दोघांनी मोठ्याने मोजले, "एक, दोन, तीन, चार!"

मागचा तरुण फिदीफिदी हसला. दहा मिनिटांनी तो एका हाताने पँट सावरीत, दुसऱ्याने पट्टा शोधीत फिरत होता.