पाण्याची बाटली आणि घडीची खुर्ची

लातूरहून नांदेडला निघालेल्या आजींना एसटीत कुणी पाणी पुढे केलं, तर त्या बहुधा नको म्हणतात. तहान नसते असं नाही. चाकूर, अहमदपूर, लोहा असा लांब रस्ता. मध्ये कुठे उकिडवं बसावं लागलं तर उठता येणार नाही, ही धास्ती असते. ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचं तिकीट माफ आहे. पण माळेगावची यात्रा असो, माहूर असो की नांदेडचा गुरुद्वारा, गुडघे प्रवासाला राजी नसतात.

वय वाढतं तशी तहानेची जाणीव मंदावते आणि मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकद घटते. मे महिन्यात इथला पारा चाळिशीपार असतो. अशा वेळी मुद्दाम कोरडं राहिलं, तर चक्कर येते, लघवीचा जंतुसंसर्ग होतो. म्हणून प्रवासातलं शौचाचं साधन मला औषधाच्या पिशवीइतकंच गरजेचं वाटतं.

उकिडवं बसताना गुडघा पूर्ण दुमडतो आणि वाटीमागच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. बैठक जितकी उंच, तितका उठताना मांडीच्या स्नायूंवरचा भार कमी. घडीची कमोड खुर्ची एवढंच करते. ती भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवता येते. पायांना रबरी टोप्या हव्यातच. प्लॅस्टिकच्या खुर्चीला भोक पाडून काम भागवणारी घरं मी पाहिली आहेत. असं करू नका. भोकाने बैठक कमजोर होते, आणि ओल्या फरशीवर पाय फाकले की खुर्ची माणसासकट बसते.

भिंतीला रबरी वाट्यांनी चिकटणारे मुठीचे दांडेही मिळतात. त्यांना धरून ठेवतो तो बाहेरच्या हवेचा दाब. दहा सेंटिमीटर व्यासाच्या रबरी वाटीवर हा दाब कागदावर 75 किलोंच्या आसपास भरतो. पण वाटीखाली हवा शिरली की सगळं संपलं. गुळगुळीत टाइलवर ती धरते. जुन्या लॉजमधल्या खरबरीत शहाबादी फरशीवर किंवा दोन टाइलांच्या सांध्यावर धरत नाही. ती तोल सावरायला ठीक, पण अंगाचा पूर्ण भार तिच्यावर कधीच टाकू नये.

गाडीत वापरायच्या लघवीच्या पिशवीत सोडियम पॉलिअॅक्रिलेटची भुकटी असते, बाळाच्या डायपरमधलीच. शुद्ध पाणी ती आपल्या वजनाच्या शेकडो पट शोषते. लघवीतल्या क्षारांमुळे भुकटीच्या आतल्या आणि बाहेरच्या क्षारांमधला, पाणी आत खेचणारा फरक कमी होतो आणि ही क्षमता तीस ते पन्नास पटींवर येते. तरी मूठभर भुकटी अर्ध्या लिटरचा घट्ट गोळा करते, सांडू देत नाही. वापरलेली पिशवी खिडकीबाहेर नव्हे, कचरापेटीत टाकावी.

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकदाच 3000 रुपये मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांच्या यादीत कमोड खुर्चीही आहे. घरात कुणी प्रवासात पाणी नको म्हणत असेल, तर अर्ज भरताना ती आठवणीने मागा.