अख्ख्या किनाऱ्याचा दिवस १५ जीबीत

मालवणसमोरून जाणारं मोठं मालवाहू जहाज दर २ ते १० सेकंदांनी आपला ठावठिकाणा रेडिओवरून सांगत असतं: ओळखक्रमांक, अक्षांश-रेखांश, वेग, दिशा. नांगर टाकला की दर ३ मिनिटांनी. ही एआयएस यंत्रणा. तिच्या दोन वाहिन्या आहेत आणि प्रत्येक वाहिनीवर मिनिटाचे २,२५० तुकडे पाडलेले आहेत. एक तुकडा २६.६७ मिलिसेकंदांचा, त्यात मावतात २५६ बिट, म्हणजे अवघे ३२ बाइट.

दोन्ही वाहिन्यांचे मिळून मिनिटाला ४,५०० तुकडे, दिवसाला ६४ लाख ८० हजार. सगळेच्या सगळे भरले तरी एका केंद्रावर दिवसाकाठी २०७ एमबी नोंदी जमतील.

२६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला झाला. त्यानंतर देशाच्या किनाऱ्यावर ७४ ठिकाणी, मुख्यतः दीपगृहांवर, एआयएसची केंद्रं उभी राहिली. २०१४ च्या नोव्हेंबरात तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी या नोंदी एकत्र पाहणाऱ्या गुरुग्रामच्या मध्यवर्ती केंद्राचं उद्घाटन केलं. नौदल आणि तटरक्षक दलाची ५१ ठाणी तिथे जोडलेली आहेत. आता एका किनारी केंद्राचा आकडा ७४ ने गुणू या: दिवसाला कमाल ४७ कोटी ९५ लाख २० हजार तुकडे. ऐकून छाती दडपते, पण ३२ बाइटांच्या हिशेबाने हे सगळं १५.३ जीबीत बसतं. कच्छपासून बंगालपर्यंतच्या जहाजांची दिवसभराची बोलणी मोबाइलमधल्या छोट्याशा मेमरी कार्डावर मावतील!

याच्या शेजारी एक सर्व्हर ठेवू. समजा तो सेकंदाला १,००० विनंत्या हाताळतो आणि प्रत्येक विनंतीमागे लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, २०० बाइटांची एक ओळ लिहितो. दिवसाला ८ कोटी ६४ लाख ओळी, १७.३ जीबी. अख्ख्या किनाऱ्यापेक्षा जास्त, आणि हा एकच सर्व्हर. एखाद्या बँकेकडे असे शेकड्यांनी असले, तर प्रत्येकावर लॉगिन करून फाइली वाचत बसणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. लॉग एका जागी आणावेच लागतात.

आणायचे कसे? जुना मार्ग सिसलॉगचा. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात तो घडवला. ओळ लिहिली की ती नेटवर्कवरून मध्यवर्ती यंत्राकडे पाठवायची, बहुधा यूडीपीने, पोहोच न मागता. जहाजही असंच करतं. कोणी ऐकलं का, हे ते विचारत नाही. जहाजाला ते परवडतं, कारण काही सेकंदांत पुढची नोंद येतेच. सर्व्हरच्या लॉगमधली हरवलेली ओळ मात्र पुन्हा येत नाही. हजारात एक गळली तरी दिवसाला ८६,४०० ओळी जातात, दर सेकंदाला एक, आणि चोराने दार उघडलं ती नेमकी त्यांतच असू शकते. म्हणून मला दुसरा मार्ग पटतो: प्रत्येक सर्व्हरवर फ्लुएंट बिटसारखा छोटा प्रोग्राम ठेवायचा. तो फाइल कुठपर्यंत वाचली हे लक्षात ठेवतो, पोहोच मिळाली नाही तर पुन्हा पाठवतो आणि तार तुटली तर थांबून राहतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने सिंधुदुर्गात वीज घालवली. अशा वेळी संपर्क ६ तास तुटला आणि सर्व्हर बॅटरीवर चालू राहिला, तर आपल्या त्या सर्व्हरच्या डिस्कवर सव्वाचार जीबीहून थोडी जास्त जागा राखलेली हवी.

पुढची अडचण दुहेरी नोंदींची. समुद्रसपाटीपासून १०० मीटरवरच्या अँटेनाला २० मीटर उंच अँटेनाचं जहाज सुमारे ६० किलोमीटरवरून ऐकू येतं. सिंधुदुर्गाचा किनारा सुमारे १२१ किलोमीटरचा, त्यामुळे एकच हाक शेजारच्या दोन मनोऱ्यांवर पडू शकते. मध्यवर्ती यंत्राला जुळी ओळखून एक टाकावी लागते आणि त्यासाठी घड्याळं जुळायला हवीत. एआयएस वेळ उपग्रहांकडून घेतं. सर्व्हरचं घड्याळ २ सेकंद मागे पडलं, तर त्याच्या ओळी इतर सर्व्हरच्या ओळींत चुकीच्या क्रमात बसतात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात दोन्ही गोष्टी आहेत: घड्याळं सरकारी वेळेशी जुळवा आणि लॉग १८० दिवस जपा. आपल्या एका सर्व्हरचे १८० दिवस म्हणजे ३.१ टीबी.

हे सगळं मोठ्या जहाजांचं झालं. मालवणच्या छोट्या होड्यांवर एआयएस सहसा नसतं. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरहून सुरू झालेल्या योजनेत देशभरातल्या १ लाख मासेमारी नौकांवर टप्प्याटप्प्याने उपग्रहाशी बोलणारे ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत. प्रत्येकाने अर्ध्या तासाला एक नोंद पाठवली असं धरलं, तर दिवसाला ४८ लाख. साठवायला किरकोळच. यंत्राने शोधायची आहे ती न आलेली नोंद: लाखातल्या कोणत्या होडीची सलग दोन वेळा आली नाही, आणि ती शेवटची कुठे होती.