मुरघास बिघडतो कापणीच्या दिवशी

मावळ म्हटलं की भात. वडगावच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी आली, खाचरं तिनं व्यापली आणि दावणीला आला भाताचा पेंढा. पेंढ्यानं पोट भरतं, पण प्रथिनं नावापुरतीच असल्यानं दूध टिकत नाही. म्हणून दूधधंदेवाल्याची नजर मक्याच्या मुरघासाकडे वळते. बॅग जाड घेतली, कल्चर मारलं, तरीही दीड महिन्यानं उघडल्यावर उग्र वास का येतो? उत्तर बहुतेकदा कापणीत सापडतं.

मुरघास मुळात जिवाणूंचं काम. हवा कोंडली की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू चाऱ्यातल्या साखरेवर वाढतात, सामू चारच्या आसपास उतरतो आणि चारा टिकतो. फिनलंडच्या विर्तानेन यांनी चाऱ्यात आम्ल मिसळून हा सामू झटपट उतरवला. त्या संशोधनाला १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मक्यात साखर भरपूर असते, त्याला बाहेरचं आम्ल लागत नाही. मात्र तो वेळेवर कापलेला हवा.

दाणा चिकात असताना, ताटात पाणी ६५ ते ७० टक्के उरतं तेव्हा कापावं. कुट्टी मुठीत घट्ट दाबून सोडा: पाणी ठिबकलं तर चारा कोवळा, गोळा लगेच विस्कटला तर जून. कोवळ्या चाऱ्यातून रस गळतो आणि क्लोस्ट्रिडियम जिवाणू माजतात. तो उग्र वास त्यांच्याच ब्युटिरिक आम्लाचा. जून चारा नीट दबत नाही, आत हवा राहते, बुरशी धरते. कुट्टी अर्ध्या-पाऊण इंचाची हवी, ती याच कारणानं.

मावळात खरी अडचण पावसाची. जूनमध्ये पेरलेला मका कापणीला येतो तेव्हा शेतात चिखल असतो. माझं मत स्पष्ट आहे: पाणी असेल तर इथं मुरघासासाठी भातानंतरचाच मका धरावा. तोही जमिनीलगत कापू नये, चार-सहा इंच बुडखा सोडावा. क्लोस्ट्रिडियम आणि रोग आणणारा लिस्टेरिया हे दोन्ही जिवाणू मातीतून येतात. कुट्टी ताडपत्रीवर पाडावी आणि बॅग त्याच दिवशी दाबून बंद करावी.

सामू नीट न उतरलेल्या, हवा लागलेल्या मुरघासात लिस्टेरिया वाढतो. त्यानं जनावर गोल गोल फिरू लागतं, गाभण असेल तर गाभडतं. शेळ्या-मेंढ्यांना धोका अधिक. दूध उकळलं की लिस्टेरिया मरतो. बुरशीचं अफलाटॉक्सिन मात्र उकळूनही जात नाही. ते शेतातल्या कणसातही तयार होतं, चाऱ्यातून दुधात उतरतं. किलोला अर्धा मायक्रोग्रॅम ही त्याची आपल्याकडची मर्यादा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ पैकी ३६८ दूध नमुने तिच्या वर निघाले.

म्हणून बुरशी दिसली तर ‘वरचा थर काढला, खालचा चालेल’ असं म्हणू नका. आजूबाजूचा चाराही काढून टाका आणि गाभण जनावरापुढे तर त्यातलं काहीच घालू नका.