स्क्रू काढल्यानंतरचे चार महिने

दात पडला की माणसं चारचौघांत सांगतात. पैसे घालून बसवलेला दात काढावा लागला की मात्र गप्प बसतात. हिंगणे होम कॉलनीत राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका, आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो, मध्यंतरी तोंडावर पदर धरून बोलायला लागल्या होत्या. खूप विचारल्यावर कळलं, की सहा वर्षांपूर्वी उजव्या बाजूच्या खालच्या दाढेच्या जागी बसवलेल्या इम्प्लांटभोवती पू झाला होता आणि ते आता काढायचं होतं. “माझ्याच हलगर्जीपणाने गेलं,” असं त्या दोनदा म्हणाल्या. ते वाक्य मनातून जाईना, म्हणून मी त्यांच्याबरोबर कर्वेनगरातल्या दवाखान्यात गेले.

काढणं तासाभरात आटोपलं. भूल दिली, हिरडी बाजूला केली, स्क्रूच्या डोक्यात चावी बसवली आणि डॉक्टर रॅचेटने उलटे आटे फिरवू लागले. पहिला झटका बसेपर्यंत त्यांच्या मनगटावरची शीर तटतटली होती. वाटतं, की बिघडलेली वस्तू सहज निघेल. पण निघालेला स्क्रू ट्रेमध्ये पडला तेव्हा त्यावर बिघाड आणि मजबुती दोन्ही दिसत होतं. वरच्या आट्यांवर पिवळट राखाडी कीटण होतं, खालच्या आट्यांत हाडाचे पांढरे कण घट्ट रुतलेले होते.

खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची बारीक गादी असते. तिथे सूज आली, हाड झिजलं की दात बरेचदा हलायला लागतो, चावताना कळ येते आणि माणूस दवाखाना गाठतो. टायटॅनियमच्या स्क्रूला ती गादी नाही, हाड थेट त्याला धरतं. त्यामुळे वरून हाड झिजत गेलं तरी तळाशी पकड कायम राहते, आणि हलत नाही म्हणून शंकाही येत नाही. ब्रश करताना थोडं रक्त, सकाळी तोंडाला वास, एवढीच काय ती सूचना. त्यातून काकूंना मधुमेह, म्हणजे जंतूंना आवर घालायला शरीर आधीच कमी पडणार. याला हलगर्जीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना या उपचाराचा पाया १९५२ साली सापडला, तोही एक वस्तू निघेना म्हणून. सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण प्रयोग संपल्यावर सुटेना, हाडाने ते धरून ठेवलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन यांच्या खालच्या जबड्यात स्क्रू बसवले आणि २००६ मध्ये लार्सन वारले तोवर ते टिकले. ही कथा अभिमानाने सांगण्यासारखीच आहे. पण ती ऐकून खुर्चीत बसणाऱ्याला न टिकलेल्या स्क्रूंचीही माहिती मिळायला हवी, आणि ती स्क्रू बसवायच्या आधी.

हाडातला खळगा खरवडून, सलाइनने धुऊन, टाके घालून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “चार महिने. तोवर तिथे काहीही बसवायचं नाही.” पुढचे रुग्ण थांबले होते. काकूंना बाहेरच्या बाकावर बसवून तिथल्या ताई शेजारी येऊन बसल्या.

या ताई वारजे माळवाडीहून येतात. उपकरणं निर्जंतुक करणं, खुर्चीजवळ सक्शन धरणं, हिशेब लिहिणं, सगळं त्यांच्याकडे. पण मी पुन्हा पुन्हा तिथे गेले ती त्यांची वही बघायला. जबड्यातलं काही काढलेल्या प्रत्येकाचं नाव त्यात असतं आणि तिसऱ्या दिवसाच्या तारखेला लाल गोल असतो. त्या दिवशी ताई स्वतः फोन करतात.

“काकू, शहाळं घ्या, पण पेल्यात ओतून. नळीने ओढायचं नाही. आज चूळ नाही, थुंकायचंही नाही, तोंडातलं नुसतं ओघळू द्यायचं.” कारण त्यांनी हाताचा चंबू करून दाखवलं. खळग्यात रक्ताची गुठळी बसते, तिच्यातूनच नवं पेशीजाल तयार होतं. तोंडाने ओढलं की ती निघून येते, हाड उघडं पडतं, आणि मग कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो. तसा एक रिक्षावाला त्याच आठवड्यात आला होता. दुसऱ्याच दिवशी त्याने विडी ओढली होती. त्याच्या जखमेत औषधाची पट्टी भरली तेव्हा लवंगेच्या तेलाचा वास दारापर्यंत आला.

तिसऱ्या दिवशी काकूंचा गाल टम्म सुजला होता. खळग्यावर पांढरा थर दिसला, म्हणून त्या कापसाने पुसायच्या बेतात होत्या. तेवढ्यात फोन आला. “पुसू नका, तो पू नाही, जखम भरतेय. घाण वास येतो का? ठणका वाढतोय का? ताप? ओठ बधिर आहे का अजून?” ओठाचं विचारायचं, कारण खालच्या जबड्यातून जाणारी नस तिथून जवळ असते. आणि शेवटी, “साखरेची गोळी घेतलीत, पण जेवलात का?” काकू जेवल्या नव्हत्या. तोंड दुखतं म्हणून दोन घोट ताक आणि वर रोजची गोळी, हात थरथरत होते. साखर उतरली होती. ताईंनी फोन चालू ठेवून त्यांना साखरपाणी प्यायला लावलं, मग गुरगुटा भात आणि मुगाचं वरण टाकायला सांगितलं. उपचाराच्या कोटेशनमध्ये स्क्रू असतो, कॅप असते, एक्स-रे असतो. हा फोन कुठल्याच रकान्यात नसतो.

पुढचे आठवडे साधेच गेले. कोमट मिठाच्या गुळण्या, टाके काढणं, एकदा फोडणीतली मोहरी जखमेत जाऊन बसली ती सिरिंजने धुऊन काढणं. हिरडी लवकर मिटली. वरून सगळं बरं दिसायला लागल्यावर काकूंना घाई झाली, आणि त्यांच्या नात्यातल्या एकांनी तर दुसरीकडे लगेच नवीन बसवून मिळतं असं सांगितलंही. डॉक्टरांचं उत्तर बदललं नाही. हिरडीखाली हाड अजून कच्चं आहे. चार महिने.

चार महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये खळगा खालून भरलेला दिसला, पण जबड्याची कड शेजारच्यापेक्षा खाली उतरली होती. नवीन स्क्रूसाठी आधी हाडाची भर घालावी लागली असती, आणि पुन्हा तेवढंच थांबणं. ब्रिज करायचा तर दोन्हीकडचे धडधाकट दात कोरावे लागले असते. काकूंनी काढता-घालता येणारा दात निवडला. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटला. डॉक्टरांनीही आग्रह केला नाही.

डावीकडे काकूंचं आणखी एक इम्प्लांट आहे. स्कॅनमध्ये तिथलंही हाड थोडं झिजलेलं दिसलं. ताईंनी आरसा काकूंच्या हातात दिला, बाटली धुवायच्या ब्रशसारखा पण काडीएवढा ब्रश कॅपच्या खालून आत-बाहेर फिरवला आणि टोकाला लागलेलं रक्त दाखवलं. “हे रोज रात्री. आणि दर चार महिन्यांनी इथे यायचं.”

काकू बराच वेळ त्या ब्रशकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “सहा वर्षांत हे मला कुणी दाखवलंच नव्हतं गं.”