पिंजऱ्याबाहेरचे अंगण



आजचा विषय वाचून कोणी हसेल. माणसालाच जिथे पाय पसरायला जागा नाही, तिथे उंदराच्या भाऊबंदांसाठी अंगण कसले काढता, असेही म्हणेल. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत एकेका खोलीत चौघे-पाचजण संसार करतात, ही गोष्ट खरीच आहे. पण याच घरांतून मुलांच्या हट्टापायी गिनीपिग, हॅमस्टर, पांढरे उंदीर असे लहान जीव येऊन राहतात. कुत्रा आणला तर शेजारी कुरकुरतात. या चिमुकल्या पाहुण्याबद्दल कोणी ब्र काढीत नाही. तो येतो, कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात बसतो, आणि चार दिवसांची नवलाई ओसरली की तिथेच विसरला जातो. नीट सांभाळला तर गिनीपिग पाच ते आठ वर्षे जगतो. ती सारी वर्षे त्याने दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद पेटीत काढायची काय, एवढाच आपला प्रश्न आहे.

प्रथम या पाहुण्याची ओळख करून घेऊ. गिनीपिग हे नाव दोन्ही अंगांनी फसवे. तो गिनी देशाचा नव्हे, आणि डुकरही नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा कृंतक, म्हणजे कुरतडून खाणारा प्राणी. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले. पेरू देशात त्याच्या आवाजावरूनच त्याला 'कुई' म्हणतात. तिथल्या खेड्यांतून तो परंपरेने स्वयंपाकघरात जमिनीवर मोकळा हिंडतो, भाजीची पाने आणि गवत खातो, आणि खोटे कशाला सांगा, शेवटी त्याच घरच्या ताटात जातो. त्याचे रानटी सोयरे गवतात वाटा पाडून त्या वाटांनी पळतात. यावरून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. हा प्राणी जमिनीवर धावणारा आहे. त्याला डोक्यावर आडोसा लागतो. आणि त्याला चढता येत नाही. त्याचे अंगण बांधायचे ते या तीन गोष्टी धरूनच.

आपल्या मुंबईवर तर या प्राण्याचे जुने ऋण आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगने हाहाकार उडवला. रोग उंदरावरच्या पिसवेतून माणसाकडे येतो, असे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखवले, पण पुष्कळांना ते पटले नाही. पुढे १९०५च्या सुमारास परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे ज्या संस्थेला आपण आज हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो तिथे, मुद्दाम लहान खोपटी बांधून त्यांत गिनीपिग ठेवण्यात आले. जमिनीवरच्या गिनीपिगांना प्लेग झाला. जमिनीपासून दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले मात्र वाचले, कारण पिसवेची उडी तिथवर पोचत नव्हती. पिसवेवरचा आरोप सिद्ध झाला तो या मुक्या साक्षीदारांच्या जिवावर. आज त्याच शहरात त्यांच्या वंशजाला आपण थोडी जमीन द्यायला हरकत नसावी.

आता तुम्ही म्हणाल, त्याला धावायची खरीच हौस असते, की आपणच तसे मानतो? याचा एक मौजेचा पुरावा आहे. उंदीर पिंजऱ्यात चाकावर धावतो तो केवळ कंटाळ्याने, असे बरेच दिवस म्हटले जाई. २०१४ साली हॉलंडमधल्या दोन संशोधकांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी असे चाक चक्क उघड्यावर, रानात ठेवून दिले होते. कोणाची सक्ती नसताना रानातले मोकळे उंदीर आपणहून त्यावर येऊन धावले! तेव्हा धावणे ही या कुळाची मुळातलीच भूक आहे. मात्र उंदराचे चाक गिनीपिगला देऊ नये. त्याचा कणा तसा वाकत नाही, चाकावर पाठ दुखावते. प्लॅस्टिकच्या बंद गोळ्यात घालून त्याला घरभर लोटणे तर त्याहून वाईट. त्याला हवी सरळ, सपाट जमीन.

जागा किती हवी? दोन गिनीपिगांना साडेसात चौरस फूट ही किमान जागा मानतात, आणि दहा-अकरा असली तर बरी. दोन म्हणण्याचे कारण, हा कळपातला प्राणी आहे, एकटा झुरतो. दोन नर किंवा दोन माद्या ठेवाव्या, नाहीतर दोनांचे सहा व्हायला वेळ लागत नाही. वर सांगितलेल्या बाजारी पिंजऱ्यात तीनच चौरस फूट भरतात. पिंजरा मोठा करता येत नसेल, तर रोज दोन-तीन तास तरी अंगण मिळावे.

हे अंगण घरच्या घरी असे करावे. निवडणुकीचे आणि जाहिरातीचे फलक ज्यावर छापतात ती पन्हाळी प्लॅस्टिकची शीट घ्यावी. फलकवाले तिला सनपॅक म्हणतात. आठ फूट बाय चार फुटांची एक शीट पुरते. जुना फलक मिळाला तर पैसेही पडत नाहीत, फक्त छापील बाजू बाहेर ठेवावी. ही शीट लांबीच्या दिशेने कापून सोळा-सोळा इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कराव्या. पहिल्या पट्टीवर एका टोकापासून पाच फुटांवर एक खूण करावी, तिथून पुढे पावणेतीन फुटांवर दुसरी. शेवटी तीन इंच उरतील. दोन्ही खुणांवर चाकूने फक्त वरचा थर कापून पट्टी काटकोनात दुमडावी. दुसरी पट्टीही तशीच करावी. एकीची तीन इंची पट्टी दुसरीच्या पाच फुटी बाजूच्या टोकावर बाहेरून टेकवली, की पाच फूट बाय पावणेतीन फुटांचा चौक तयार होतो. म्हणजे जवळजवळ चौदा चौरस फूट! जिथे पट्ट्या जुळतात तिथे वर, मध्ये आणि खाली भोके पाडून परकराची जुनी नाडी ओवावी. गाठ बाहेर असावी, म्हणजे ती कुरतडली जाणार नाही. खेळ संपला की नाड्या सोडून भिंती दुमडाव्या आणि कपाटामागे सरकवाव्या. एका खोलीच्या घरात हीच तर खरी सोय!

खेड्यातल्या वाचकांना फलक मिळाला नाही तर बांबूचे तट्टे किंवा फळ्या चालतील. तट्ट्याची टोके आत येऊ देऊ नयेत. मात्र गावाकडे साप, मुंगूस, बोका यांची धास्ती असते, म्हणून चौक घरातच, दार लावून मांडावा. शहरात खिडकीवाटे मांजर आणि कावळा येतो हेही विसरू नये. विजेच्या वायरी चौकापासून दूर असाव्या. कुरतडणे हा त्याचा छंद नव्हे, दात जन्मभर वाढत असल्याने त्याला ते करावेच लागते. त्यासाठी पेरूची वाळलेली फांदी आत टाकावी.

फरशीवर त्याचे पाय घसरतात, आणि जाळीच्या तळाने तळव्यांना फोड येतात. म्हणून खाली प्लॅस्टिकचे कापड, त्यावर वर्तमानपत्रे आणि सर्वांत वर जुनी गोधडी अंथरावी. तिचे सुटे धागे मात्र आधी कापून टाकावे, ते पायात अडकतात. उरलेल्या तिसऱ्या पट्टीची दोन लहान घरे करावी. दोन प्राणी, तर घरे दोन; आणि प्रत्येक घराला दारेही दोन. एकच दार असले की आतला कोंडला जातो आणि भांडण होते. दोन घरांच्या मधे पुठ्ठ्याचा, सहा इंच रुंदीचा बोगदा ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस तो घरातून नाकसुद्धा बाहेर काढणार नाही. धीर धरावा, उचलून मध्यभागी ठेवू नये. एके संध्याकाळी तो भिंतीच्या कडेकडेने फेरी मारील, आणि मग एकाएकी तव्यावर लाही फुटावी तसा जागच्या जागी उडेल. ती त्याच्या आनंदाची खूण.

हॅमस्टर आणि पांढरे उंदीर यांना हा चौक चालणार नाही. हॅमस्टर रात्री हिंडणारा आणि एकलकोंडा. त्याला सोबती दिला तर दोघे रक्त निघेपर्यंत भांडतात. उंदीर तर भिंत चढतो, आणि करंगळीएवढ्या फटीतून पसार होतो. त्यांना वरून बारीक जाळी घातलेली खोल पेटीच हवी. झाडावरची खार किंवा रानातले शेकरू हे वन्य जीव, त्यांना मुळीच पिंजऱ्यात घालू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो, आणि ते मला फार महाग पडून कळले आहे. गिनीपिगला साधारण १८ ते २४ अंश सेल्सिअस हवा मानवते. पारा २८च्या पुढे गेला की त्याला धोका असतो, कारण त्याला घाम येत नाही. एका मे महिन्यात मी हा चौक सकाळी गॅलरीत मांडला. ऊन कोवळे होते. कोणीतरी भेटायला आले, गप्पा रंगल्या, आणि ऊन सरकत सरकत चौकात आले. मी परत गेलो तेव्हा दोघांपैकी एक आडवा पडून तोंडाने श्वास घेत होता. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत तो संपला. दुसरा बरेच दिवस त्या रिकाम्या घरापाशी जाऊन शीळ घाली. तेव्हापासून माझा नियम असा: अंगण घरातच, सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर, आत पाण्याची वाटी आणि शहाबादी फरशीचा गार तुकडा, आणि माणूस जवळ हवा, फक्त घरात असून भागत नाही.

आहाराचाही धावण्याशी संबंध आहे. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते कमी पडले की त्याचे सांधे दुखतात आणि तो धावेनासा होतो. मुख्य आहार गवताचा, हरळी उत्तम. जोडीला रोज ढोबळी मिरचीची फोड आणि थोडी कोथिंबीर द्यावी. पावसाळ्यात मोकळ्या जागेवरचे गवत दोनदा धुऊन घ्यावे, कारण घुशी-उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. प्राण्याला हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. चौकाच्या मध्यावर गोधडीला रंगीत दोरा टाकून रेघ करावी. मुलांनी रोज ठरल्या वेळी दहा मिनिटांत प्राण्याने ती किती वेळा ओलांडली ते मोजून वहीत लिहावे, आणि आठवड्यातून एकदा त्याचे वजन करावे. आकडे घसरू लागले तर प्राणी आजारी आहे असे समजून पशुवैद्याकडे न्यावे. आलेख काढणे, निरीक्षण करणे आणि दुसऱ्याच्या जिवाची काळजी घेणे, असे तीन धडे एकाच वहीत होतात.

आणि हे सारे करणे ज्यांना जमणार नाही, त्यांनी मुलाचा हट्ट प्रेमाने मोडावा आणि प्राणी आणूच नये. आणलाच, तर आज संध्याकाळीच फूटपट्टी घेऊन त्याचा पिंजरा मोजावा. बाकीची बुद्धी ते माप पाहूनच सुचेल.